तीस मायक्रॉन

पत्र दिराने टाइप करून आणलं होतं. सोबत पेन, तेही टोपण काढून. टाकीवरची मोटर जळाली तेव्हा तीन आठवडे ‘बघतो, बघतो’ करत बसलेला हा माणूस, आज सकाळचे दहा वाजायच्या आत पत्र, पेन आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीची बारीक फुली, असा सगळा सरंजाम घेऊन ऑफिसात हजर होता. स्वतःची मान सोडवायची असली की माणसाच्या अंगात केवढा उरक येतो!

“इथे, वहिनी,” तो फुलीवर बोट ठेवून म्हणाला.

वहिनींनी हातमोजे काढले, चष्मा लावला आणि पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. कारखान्यात पॉलिशवाल्यापासून रखवालदारापर्यंत सगळेच त्यांना वहिनी म्हणत. सख्खा दीर तेवढा हा एकच, आणि पत्रात नेमका त्यानेच त्यांना वहिनी म्हटलं नव्हतं. पत्रात त्या ‘सदर कारागीर’ होत्या.

‘पंपाच्या स्लीव्हमधील दोष टाकीवरील कारागिराने निष्काळजीपणाने पूड कमी घातल्यामुळे उद्भवला आहे. सदर कारागिरास कामावरून दूर करण्यात आले आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

गैरसोयीबद्दल! वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाकडाच्या वखारीला आग लागलेली, अग्निशामक दलाचा बंब उभा, जवान आत शिरलेला, आणि पंपाने ऐन वेळी दम तोडला. शाफ्टवरची स्लीव्ह, म्हणजे शाफ्टला झिजू न देणारी धातूची बाही, तीच झिजून तिच्यात चरे पडले. चऱ्यांतून पंपात हवा शिरली आणि पाणी तुटलं. अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत जवानाने जळती तुळई हातांनी ढकलून वाट काढली. दोन्ही तळवे भाजले. ती स्लीव्ह या कारखान्यातून, वहिनींच्या निकेल चढवायच्या टाकीतून गेलेली होती. आणि दिराच्या टाइपरायटरला त्या सगळ्यासाठी सापडलेला शब्द म्हणजे गैरसोय.

“पूड मी कमी घातली?” वहिनींनी विचारलं.

“अहो, नावापुरतं हो. काहीतरी कारण द्यावं लागतं ना त्यांना. पंपवाले साहेब चार वाजता येणार आहेत. पत्र हातात पडलं की ते त्यांच्या वरच्यांना दाखवतील, प्रकरण मिटेल.”

“आणि मला कामावरून दूर केलं, तेही नावापुरतं?”

 दिराने आवाजात मध घोळला. “वहिनी, किती वर्षं त्या वाफेत उभ्या राहणार? तुम्ही घरच्याच आहात. आराम करा आता. दादा असता तर तोही हेच म्हणाला असता.”

दादा म्हणजे वहिनींचा नवरा, याचा थोरला भाऊ. जाऊन अकरा वर्षं झाली. मेलेल्या माणसाचं एक बरं असतं. त्याच्या तोंडी काहीही घाला, तो उठून ‘नाही’ म्हणत नाही.

“चार वाजता ना?” वहिनी म्हणाल्या. “मग चार वाजता सही करते. साहेबांसमोर.”

दिराला ते एकदम पसंत पडलं. साहेबांसमोर सही म्हणजे सोन्याहून पिवळं. त्याने पेनाला टोपण घातलं.

आता या टाकीचं थोडं सांगायला हवं, म्हणजे वहिनी एवढ्या का पेटल्या ते कळेल.

निकेलचे क्षार पाण्यात विरघळवले की पाणी हिरवंगार होतं. त्यात लोखंडाची वस्तू टांगायची, वीज सोडायची, की निकेल हळूहळू लोखंडावर चढू लागतं. इथवर कुणीही करतं. या टाकीत मात्र आणखी एक गोष्ट असते, सिलिकॉन कार्बाइडची पूड. धार लावायच्या चाकात असते तीच, फक्त पिठाहून बारीक. निकेल चढता चढता पुडीचे कण त्यात अडकत जातात, भिंतीच्या गाऱ्यात खडे बसावेत तसे. निकेलने धरायचं आणि कणांनी घासणं सोसायचं, अशी ती जोडी. अशी स्लीव्ह वर्षानुवर्षं फिरते आणि झिजत नाही.

पण पूड म्हणजे पूड. तिला तळाशी जाऊन बसायचं असतं. म्हणून टाकीत ढवळणी असते, पंख्यासारखी पाती असलेली, आणि काम चालू असताना ती एक क्षणही थांबता कामा नये. ढवळणी चालू असली की हिरवं पाणी दिसतच नाही. टाकी गढूळ, करडी, गटारासारखी दिसते. त्यातून निघणारा मालही करडाच, राख फासल्यासारखा. ढवळणी थांबली तर पूड खाली बसते, वरचं पाणी पाचूसारखं निवळतं, आणि मालावर चढतं ते नुसतं निकेल. गोरंपान आणि गुळगुळीत. कणांशिवायचं, म्हणजे कण्याशिवायचं.

“पूडटाकीतून जे चमकत बाहेर आलं ते फुकट गेलं,” असं दादा म्हणायचा. त्याने ही टाकी आठ वर्षं खपून बसवली, आणि पहिल्या दिवसापासून वहिनी त्याच्या बाजूला उभ्या होत्या. पुडीचं माप, पाण्याची ऊब, विजेचा जोर, सगळं दोघांनी मिळून शोधलेलं. दादा गेला तेव्हा दिराने ऑफिस घेतलं आणि वहिनींनी टाकी. पुडीचं माप त्या आजही वही न बघता सांगत. त्यांच्यावर पूड कमी घातल्याचा आळ घ्यायचा, म्हणजे आईवर मूल उपाशी ठेवल्याचा आळ घ्यायचा.

वहिनी तरातरा मागच्या खोलीत गेल्या. तिथे पत्र्याचं कपाट होतं आणि कपाटात साक्षी होत्या.

ही दादाची रीत. मालाची प्रत्येक खेप टाकीत सोडताना तिच्या शेजारी अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा टांगायचा. मालावर जे चढेल तेच त्याच्यावरही चढणार. माल गिऱ्हाइकाकडे जातो, तुकडा कपाटात राहतो, गळ्यात तारखेची चिठ्ठी घालून. दादा त्याला साक्ष म्हणे. दिराला ही रीत म्हणजे भंगार साठवण्याचा नाद वाटे. दोनदा त्याने कपाट विकायला काढलं होतं, दोनदा वहिनी कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या होत्या.

त्या खेपेची साक्ष तिसऱ्या खणात सापडली. वहिनी ती मुठीत घेऊन पॉलिशच्या खोलीत आल्या.

पॉलिशवाल्याला सगळे आरसा म्हणत. डोक्यावर केस नाहीत हे एक कारण, आणि हाती लागेल ते चकचकीत करून सोडायचं हे दुसरं. गेली वीस वर्षं तो आणि वहिनी या एकाच गोष्टीवरून भांडत होते.

“हा मधोमध काप,” वहिनी म्हणाल्या. “रेझिनमध्ये बसव आणि कापलेलं तोंड घासून दे. आरशासारखं.”

“तुम्ही मला चमकवायला सांगताय?” आरशाने कान खाजवला. “वहिनी, तब्येत बरी आहे ना?”

“जीभ कमी चालव, करवत जास्त चालव. चार वाजता साहेब येतायत.”

त्यांचा रंग बघून आरसा कामाला लागला. करवतीने तुकडा कापला, लवकर धरणाऱ्या रेझिनच्या वडीत उभा बसवला आणि घासायला घेतला. आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी मखमलीवर लेप. वहिनी बाजूला उभ्या राहून दात ओठ खात होत्या. काय दिसणार ते त्यांना ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं वाटत होतं. गेल्या वर्षी दिराने पुडीचा व्यापारी बदलला होता. नव्या पोत्यांतली पूड हलकी असणार, भेसळीची असणार. कण विरळ दिसतील, वेडेवाकडे दिसतील. मग त्या साहेबांना म्हणणार होत्या, पूड मी पुरेपूर घातली, ती कसली आणली ते यांना विचारा. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते बघा म्हणावं.

“खरंच त्याने केलं असेल असं?” आरशाने घासता घासता विचारलं.

“कुणी?”

“ज्याच्या नावाने तुम्ही माझं टेबल मुठीने बडवताय त्याने.”

वहिनींनी मूठ उचलली.

दादाचा जुना मायक्रोस्कोप खिडकीशी होता. वहिनींनी वडी भिंगाखाली ठेवली, स्क्रू फिरवला आणि डोळा लावला.

त्यांना हवं होतं ते दिसलं नाही. लोखंडाला लागून निकेल होतं, आणि त्यात कण होते. भरपूर, एकसारखे, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे नेटके. पुडीत काही खोट नव्हती. माप अचूक होतं. इतकं चांगलं काम की क्षणभर त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. मग त्यांनी वडी थोडी सरकवली.

कण विरळ होत गेले. आणखी विरळ. मग नाहीच. नुसतं पांढरं, रिकामं निकेल, कोऱ्या पट्टीसारखं. आणि पट्टी संपली तिथे सुरीने कापावी तशी सरळ रेघ, रेघेच्या पलीकडे पुन्हा कण, पहिल्यासारखे गच्च.

पूड कमी पडली असती तर ती सगळीकडे कमी दिसली असती. हे तसं नव्हतं. खालची कड विरत गेलेली, म्हणजे पूड हळूहळू बसत गेली. वरची कड सरळ, म्हणजे पूड एका क्षणात उठली. ढवळणी कुणीतरी बंद केली होती आणि कुणीतरी पुन्हा चालू केली होती. वरून पुन्हा करडा थर चढला म्हणून माल दिसायला चोख, कडकपणाच्या तपासणीतही पास. काही महिने वरचा थर पंपात झिजला, खालची मऊ पट्टी उघडी पडली, आणि तिने दगा दिला.

भिंगात बारीक मोजपट्टी होती, मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची. वहिनींनी मोजलं. लोखंडापासून अठ्ठेचाळीस मायक्रॉनवर कण विरळ व्हायला सुरुवात. अठ्ठ्याहत्तरवर सरळ रेघ. मधले तीस मायक्रॉन पोकळ. या टाकीत अडीच मिनिटांना एक मायक्रॉन चढतं, हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्यांनी कामाची वही उघडली. माल टाकीत सोडला : नऊ वाजता. नऊला सुरू, अठ्ठेचाळीस मायक्रॉन म्हणजे दोन तास. अकरा. तीस मायक्रॉन म्हणजे सव्वा तास. सव्वाबारा.

त्या दिवशी अकरा ते सव्वाबारा ढवळणी बंद होती.

“मिळाला का चोर?” आरशाने विचारलं.

वहिनींनी डोळा पुन्हा भिंगाला लावला आणि काढला नाही. काढला असता तर आरशाला चोर समोरच दिसला असता.

त्या दिवशी अकरा वाजता दीर टाकीच्या खोलीच्या दारात आला होता. आत येत नसे, बुटांना डाग पडतील म्हणून. “वहिनी, पाहुणे येतायत. जरा पाणी निवळू द्या.” गिऱ्हाईक डोळ्यांनी विकत घेतं, हे त्याचं लाडकं वाक्य. गढूळ टाकी बघून पाहुण्यांचं मन विटतं, हिरवं पाणी बघून हरखतं. वहिनी म्हणाल्या होत्या, “भाऊजी, माल आहे टाकीत.” आणि तो म्हणाला होता, “तासाभराने काय आभाळ कोसळतंय?” आणि वहिनींनी हात पुसले होते, आणि लाल बटण दाबलं होतं.

बटण त्यांनी दाबलं होतं. दुसऱ्या कुणी नाही.

एवढंच नव्हे. टाकीची कड फडक्याने पुसली होती. पाहुणे आले तेव्हा बाजूला हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. आणि त्यांतले एक उंच साहेब वाकून पाण्यात बघत म्हणाले होते, “वा, काय सुंदर रंग आहे!” तेव्हा वहिनी हसल्या होत्या. त्या हसण्याची आत्ता त्यांना इतकी चीड आली की तोंड पुसून काढावंसं वाटलं.

त्यांना काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. जगात ही गोष्ट जाणणारी आता त्या एकच व्यक्ती उरली होती. दादा असताना दिराची छाती नव्हती असं बोलायची. पहिल्यांदा त्याने विचारलं तेव्हा वहिनी भांडल्या होत्या. दुसऱ्यांदा कुरकुरल्या. तिसऱ्यांदा नुसत्या हात पुसत बटणापाशी गेल्या. रोजचं मढं त्याला कोण रडं. धाकटा दीर, त्यात मालक, त्यात दारात पाहुणे. मूग गिळून गप्प बसायला घरात शिकवलेलं असतंच, ते इथेही उपयोगी पडलं.

खिडकीच्या बाजूला आम्लाचं पिंप होतं. वडी त्यात पाच मिनिटं बुडवली असती तर घासलेलं तोंड आम्लाने खाऊन टाकलं असतं. मग पट्टी नाही, रेघ नाही, अकरा नाही, सव्वाबारा नाही. पुडीच्या व्यापाऱ्यावर ढकलून मोकळं व्हायचं. दीरही आनंदाने मान डोलावेल. वहिनींनी पिंपाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्या ऑफिसात गेल्या आणि काचेच्या टेबलावरची पाहुण्यांची वही उचलून घेऊन आल्या.

ही वही दिराच्या जिवाची. निळ्या मखमलीची, सोनेरी कडांची. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने तारीख, वेळ आणि अभिप्राय लिहायचा असा नियम. वहिनींनी ती कामाच्या वहीशेजारी उघडली आणि पेन्सिल घेतली. दुपारचं जेवण तसंच राहिलं.

चार वाजता साहेब आले. उंच, डोळ्यांखाली काळं, दोन दिवस झोप नसल्यासारखे. दिराने खुर्ची पुसून दिली.

“मी हॉस्पिटलातूनच येतोय,” साहेब म्हणाले. “दोन्ही हात बांधलेत त्याचे. बायको घास भरवते. पोरगी बाहेर बाकावर बसून होती, आत यायला तयार नाही.”

“फार वाईट,” दीर म्हणाला. “साहेब, आम्ही कडक कारवाई केलीय. वहिनी, सही.”

“आधी बघा,” वहिनी म्हणाल्या.

त्यांनी साहेबांना मायक्रोस्कोपशी नेलं. दीर मागून ‘अहो, ते कशाला, साहेबांना वेळ कुठे’ करत आला. साहेबांनी डोळा लावला. वहिनींनी सांगितलं, कण कुठे आहेत, कुठे नाहीत, पट्टी केवढी, अडीच मिनिटांना किती. साहेब मुळात यंत्रातले. त्यांनी मनात हिशेब केला आणि मान वर न करता म्हणाले, “अकरा ते सव्वाबारा. काय झालं होतं तेव्हा?”

वहिनींनी मखमली वही पुढे धरली. पानात खूण घातलेली होती.

साहेबांनी वाचलं. अक्षर त्यांचंच होतं. ‘सकाळी ११.४०. इतका स्वच्छ कारखाना कमी पाहायला मिळतो. टाकीतले नितळ हिरवे पाणी अप्रतिम!’ खाली सही, लफ्फेदार.

“तुमच्याच स्लीव्ह होत्या त्या पाण्यात,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही वाकून बघत होतात ना, तेव्हा त्यांच्यावर हे कोरं निकेल चढत होतं. यांनी पाणी निवळायला सांगितलं. बटण मी दाबलं.”

 साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. वहिनींना वाटलं, आता हा माणूस दिरावर ओरडेल. मनातून त्या त्याची वाटच बघत होत्या.

“मला कुणी सांगितलं नाही,” साहेब हळूच म्हणाले, “की ते पाणी करडं असायला हवं.”

“मीही तेच म्हणतो!” दिराला हत्तीचं बळ आलं. “वहिनी, यातली जाणकार तुम्ही. मला काय कळतं टाकीतलं? तुम्ही तेव्हाच बोलायला हवं होतं.”

“मी म्हणाले होते, माल आहे टाकीत.”

“हो, पण ठासून बोलायला हवं होतं ना!”

साहेबांनी वही मिटली. तिघं ऑफिसात परतली. साहेबांनी टेबलावरचं पत्र उचललं, वाचलं आणि पुन्हा जागेवर ठेवलं. “हे बघा,” ते म्हणाले, दोघांकडेही न बघता. “पत्र तसं... चुकीचं म्हणता येणार नाही. पुडीचं एक वाक्य बदला. बटण शेवटी कारागिरानेच दाबलं ना? मग झालं तर. माझ्या भेटीचा उल्लेख करायची तशी काही गरज दिसत नाही.”

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, असं म्हणतात. वहिनींना त्या क्षणी वाटलं, जग फसत नाही. जगाला सगळं दिसतं, भिंगातून मोठं करून दाखवलं तरी दिसतं, आणि मग जग वही मिटून म्हणतं, तशी काही गरज दिसत नाही.

  त्या बोलल्या तेव्हा आवाज टाकीच्या खोलीत बोलायचा होता, यंत्रांच्या वर चढणारा.

“बोलायला हवं होतं. खरं आहे. ठासून बोलायला हवं होतं, बटणावर हात आडवा धरून बोलायला हवं होतं. नाही बोलले. त्याची लाज मला जन्मभर पुरेल, तुमच्या पत्राची त्यात भर नको. पण भाऊजी, तुम्हाला टाकीतलं कळत नाही म्हणता? दादाने तुम्हाला याच खोलीत कान धरून सांगितलं होतं की ढवळणीला हात लावायचा नाही. मी उभी होते तेव्हा. आणि साहेब, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. खरं आहे. पण आज सांगितलं ना? दाखवलं ना? आता तर माहीत झालं? मग आता का गप्प राहताय? मी अडाणी बाई दिराला भिऊन गप्प राहिले. तुम्ही कुणाला भिताय?”

साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला.

“द्या ते पेन,” वहिनी म्हणाल्या. “सही करते.”

दिराने पटकन पेन दिलं. वहिनी टेबलाशी बसल्या. पूड कमी घातल्याचं वाक्य त्यांनी आडव्या रेघेने खोडलं आणि त्याच्यावर, बाजूच्या कोऱ्या जागेत, टाकीच्या वहीत लिहायच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिलं : ढवळणी बंद करायला मालकांनी सांगितलं. बंद मी केली. पंपवाले साहेब बघत होते. मग फुलीवर सही केली, आणि ‘सदर कारागीर’च्या जागी स्वतःचं पूर्ण नाव घातलं, दादाच्या नावासकट.

“वहिनी, हे पत्र बाहेर गेलं तर कारखाना बुडेल,” दीर म्हणाला. आता त्याच्या आवाजात मध नव्हता.

“पत्र अजून पुरं झालं नाही.”

वहिनींनी पदराखालून घडी केलेला कागद काढला आणि पत्राला टाचणीने जोडला. दुपारभर दोन वह्या शेजारी ठेवून केलेली यादी होती. एका वहीत पाहुणे आल्याची तारीख आणि वेळ, दुसरीत त्या वेळी टाकीत कोणाचा माल होता ते. ज्या ज्या दिवशी दोन्ही जुळलं, ती तारीख कागदावर. अकरा वर्षांतल्या एकोणीस तारखा होत्या.

साहेबांनी यादीवर बोट फिरवलं. बोट एका ठिकाणी थांबलं, पुढे जाऊन पुन्हा थांबलं, आणि सहाव्यांदा थांबलं तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

“यांतल्या सहा खेपा आमच्या आहेत,” ते म्हणाले. “हे बंब... हे सगळे आत्ता रस्त्यावर आहेत.”

“म्हणून तर म्हणते, पत्र तुमच्या वरच्यांना दाखवून फाइलला लावू नका. आधी फोन करा. तो आहे बघा, टेबलावर.”

दीर फोन आणि साहेब यांच्या मध्ये उभा होता.  साहेबांनी रुमाल खिशात घातला, उठले, त्याला हाताने बाजूला केलं आणि नंबर फिरवायला घेतला. पहिल्यांदा चुकीचा लागला, पुन्हा फिरवला.

वहिनी थांबल्या नाहीत. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी कपाटाचे खण एकेक करून उपसले आणि चिठ्ठ्या वाचून तुकडे पदरात गोळा केले. अठरा तुकडे, एकोणिसावा सकाळीच कापला होता. काही अकरा वर्षांपूर्वीचे, चिठ्ठ्या पिवळ्या पडलेले. सगळे करडे, सगळे वरून चोख. ते त्यांनी पॉलिशच्या टेबलावर ओतले तेव्हा आरसा घरी जायच्या बेतात होता, डबा हातात.

“एवढे?” तो म्हणाला.

“एवढे. यातले किती सुटले आणि किती फसले, ते आपल्याला बघायचंय.”

आरशाने तुकड्यांकडे पाहिलं, मग वहिनींकडे. “आणि सगळ्यांत ती पट्टी निघाली तर?”

“तर ती माझ्याच हातची,” वहिनी म्हणाल्या. “काप.”

त्याने डबा खाली ठेवला आणि करवत सुरू केली.